सांबराचे काळीज

पूर्वी गोदावरीच्या खोऱ्यात, कुंदवती नगरीत, कीर्तिसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने नगराच्या पश्चिमेकडील डोंगररानात सांबराचा जन्म घेतला होता. तो एका मोठ्या कळपाचा नायक होता. अंगाचा रंग पावसात भिजलेल्या खडकासारखा काळपट, कपाळावर पांढरी चंद्रकोर, आणि दोन्ही शिंगांना इतर सांबरांपेक्षा एकेक फाटा अधिक. रानात राहणाऱ्यांनी त्याला क्वचित पाहिले होते. नगरातल्या कोणीच पाहिले नव्हते.

ही कथा जितकी त्याची, तितकीच कुंदवतीचा राजवैद्य सोमिल याची आहे, कारण पुढे जे घडले त्याची सुरुवात सोमिलाच्या एका वाक्याने झाली.

सोमिल वाईट माणूस नव्हता. त्याचा हात हलका होता, नाडी पाहण्यात त्याची चूक होत नसे आणि तरुणपणी तो कुंभारवाड्यात, कोष्ट्यांच्या आळीत कोणी बोलावले तरी जात असे. त्याचे गुरू भारुंडक हे त्याच्या आधीचे राजवैद्य. एका उन्हाळ्यात राजाचा धाकटा भाऊ तापाने फणफणला आणि भारुंडकांनी सर्व उपाय करूनही गेला. राजाचा त्या भावावर फार जीव होता. दुःखाच्या भरात त्याने भारुंडकांचे घर पाडायला लावले आणि त्या वृद्धाला भर दुपारी वेशीबाहेर काढले. गर्दीत उभा राहून सोमिलाने ते पाहिले. गुरूंच्या पायांत वहाणा नव्हत्या, आणि आपल्या वहाणा काढून द्यायला पुढे व्हावे, एवढेही धैर्य सोमिलाला झाले नाही. पुढे राजवैद्याची जागा त्यालाच मिळाली.

त्या दिवसापासून त्याच्यात एक बदल झाला. कोणी मोठा माणूस आजारी पडला की रोग कोणता आहे, हा विचार त्याच्या मनात दुसरा येई. पहिला विचार येई तो असा, की हे बिघडले तर कोणाच्या अंगावर येईल?

राजा कीर्तिसेनाला मद्याचे व्यसन होते. डोंगरातून मोहाच्या फुलांचे मद्य रांजण भरभरून राजवाड्यात येई. भाऊ गेल्यापासून तर राजा सकाळच्या दातवणानंतरच पहिला पेला मागू लागला. हळूहळू त्याचे अन्न तुटले. तोंड सतत कडू असे. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीने माखल्यासारखा पिवळा झाला, मग नखे, मग तळहात. उजव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखे त्याला वाटे. पोट फुगले आणि पाय इतके सुजले की बोटाने दाबले तर खळगा पडून तसाच राही.

सोमिलाने राजाला आडवे निजवून उजव्या कुशीत बोटे रुतवली. जे लोकांच्या बोलण्यात काळीज आणि वैद्यांच्या बोलण्यात यकृत, त्याची कडा बरगडीखाली उतरून आली होती आणि हाताला कठीण लागत होती. सोमिलाने हात बाजूला घेतला. रोग त्याला कळला होता आणि औषधही ठाऊक होते. मद्य सोडायचे. तूप, तेल, मांस बाजूला ठेवायचे. मुगाचे कढण, साळीच्या लाह्या, ताजे ताक यांवर राहायचे, विश्रांती घ्यायची आणि रोज सकाळी भुईआवळी मुळासकट वाटून ताकातून घ्यायची. भुईआवळी म्हणजे पावसाळ्यात वाटेच्या कडेला, शेताच्या बांधावर, विटांच्या सांध्यांतून उगवणारे वीतभर उंचीचे तण. पाने आवळीसारखी बारीक, आणि त्यांच्या पोटाशी ओळीने लागलेली मोहरीएवढी हिरवी फळे. सोमिलाने कोष्ट्यांच्या आळीत ती कितीदा तरी दिली होती आणि पिवळी पडलेली माणसे पुन्हा मागावर बसलेली पाहिली होती.

पण राजाला ‘मद्य सोडा’ म्हणायचे कोणी? आणि म्हटले, राजाने सोडले नाही, आणि तो मेला, तर? रस्त्यावरचे तण देऊन वैद्याने राजा मारला, असेच लोक म्हणणार. राणी म्हणणार. सोमिलाला ऊन आणि गुरूंचे अनवाणी पाय आठवले.

राणी कुमुद्वती पडद्याआडून बाहेर आली. ती फार बोलणारी बाई नव्हती. तिने सरळ विचारले, “वैद्यराज, महाराज बरे होतील का?”

सोमिल म्हणाला, “होतील, राणीसाहेब. पण औषध दुर्मीळ आहे.”

“दुर्मीळ म्हणजे काय? सांगा, आणवू.”

आणि सोमिलाने ते वाक्य उच्चारले. “यकृताचा क्षय यकृतानेच भरून येतो. ज्या सांबराच्या दोन्ही शिंगांना चार-चार फाटे आहेत आणि कपाळावर पांढरी चंद्रकोर आहे, त्याचे ताजे काळीज महाराजांच्या पोटात गेले, तर हा रोग जाईल.”

सांबराच्या शिंगाला तीन फाटे असतात, हे त्याला माहीत होते. चार फाट्यांचे, वर चंद्रकोर असलेले सांबर त्याने त्याच क्षणी मनात घडवले होते. जे औषध आणता येत नाही ते कधी अपयशी ठरत नाही. राजा गेला तर लोक शिकाऱ्यांना बोल लावतील, नशिबाला लावतील. वैद्याने तर उपाय सांगितला होता. घरी जाताना त्याला बऱ्याच दिवसांनी हलके वाटले.

ते हलकेपण फार टिकले नाही. राणीने दवंडी पिटवली. असे सांबर आणील त्याला गाव इनाम. दुसऱ्या दिवशी उजाडताच कुत्री, जाळी, भाले घेऊन माणसे पश्चिमेच्या रानात शिरली. पावसाळा सरत आला होता, गवत उंच होते आणि उंच गवतात शिंगे मोजत बसायला कोणाला सवड होती? दिसेल ते सांबर पाडायचे आणि मग कपाळ पाहायचे. कपाळ कोरे निघाले तरी काळीज काढून आणायचे. न जाणो, वैद्यराज म्हणतील की हेही चालेल.

संध्याकाळी राजवाड्याच्या मागच्या दारी पळसाच्या पानांनी झाकलेल्या टोपल्या आल्या. राणीने सोमिलाला बोलावले. पाने दूर केली तेव्हा आतली काळिजे अजून ऊनऊन होती.

“यांतले कुठले?” राणीने विचारले.

“यांतले नाही,” सोमिल म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळीही टोपल्या आल्या, आणि तिसऱ्याही. रोज सोमिल खाली वाकून पाही, जणू खरेच काही ओळखायचे आहे, आणि रोज म्हणे, “यांतले नाही.” काही काळिजे मुठीएवढीच असत. ती पाडसांची होती. घरी येऊन तो चिकणमातीने हात घाशी, आणि त्याची बायको विचारी, “जेवायला वाढू ना?” तो म्हणे, “भूक नाही.” एवढे मात्र त्याच्या ध्यानात येई, की थांबवणे त्याच्या हातात आहे. त्यासाठी एक वाक्य पुरे होते. पण पहिल्या वाक्यापेक्षा हे दुसरे फार जड होते, आणि रोजच्या टोपल्यांनी ते अधिक जड होत चालले होते.

रानात बोधिसत्त्वाचा कळप निम्मा उरला. तो नायक असल्यामुळे कळपाला घेऊन एका घळीतून दुसऱ्या घळीत जात होता, पण कुत्री तिथेही पोचत होती. तेव्हा त्याने विचार केला, ‘माणसे पूर्वीही शिकार करीत, पण खाण्यापुरती. आता मांस तिथेच टाकून काळीज तेवढे घेऊन जातात. त्यांना काहीतरी हवे आहे आणि ते त्यांना सापडत नाही. काय हवे ते विचारल्यावाचून हे थांबणार नाही.’

कोलक नावाचा एक व्याध ओढ्याकाठी वाकून पाणी पीत होता. त्याने मान वर केली तेव्हा समोरच्या काठावर ते सांबर उभे होते. कोलकाने फाटे मोजले. कपाळ पाहिले. त्याचा हात भाल्याकडे गेला, पण भाला उचलवेना, कारण ते सांबर पळत नव्हते.

“तुम्ही कोणाला शोधता आहात?” बोधिसत्त्वाने माणसाच्या वाणीत विचारले.

कोलकाने सगळे सांगितले. राजाचा आजार, वैद्याचे बोल, शिंगांचे फाटे, चंद्रकोर. खोटे बोलायचे त्याला सुचलेच नाही.

बोधिसत्त्व ओढा ओलांडून त्याच्या काठावर आला. मग म्हणाला, “म्हणजे माझ्या कळपातली जी मेली, ती माझ्यापायी मेली. चल, मला तुझ्या राजाकडे ने. दोर नको. मी आपल्या पायांनी येतो.”

“तिथे तुला मारतील,” कोलक म्हणाला.

“इथे माझ्याऐवजी इतरांना मारतात. चल.”

कोलक पुढे आणि सांबर मागे, असे ते नगरात आले. बाजारातली माणसे दुकाने सोडून रस्त्यात उभी राहिली. कोणी कुत्रे भुंकले नाही.

सोमिल तेव्हा राजाच्या पायांना लेप लावीत होता. द्वारपालाने येऊन सांगितले, “महाराज, चंद्रकोरीचे सांबर सापडले. जिवंत आहे. अंगणात उभे आहे.”

लेपाची वाटी सोमिलाच्या हातून निसटली. ‘असे सांबर नाही,’ एवढेच त्याच्या मनात आले. पुढे काही येईना.

राजाला पालखीतून अंगणात आणले. राणी शेजारी उभी राहिली. सोमिलाने पाहिले. दोन्ही शिंगांना चार फाटे होते. कपाळावर चंद्रकोर होती. त्याने भीतीपोटी जे घडवले होते, ते समोर उभे राहून श्वास घेत होते.

राजा खुशीत म्हणाला, “वैद्यराज, तुमचे शास्त्र खरे निघाले. बोलवा खाटकाला.”

“राजा,” बोधिसत्त्व म्हणाला, “माझे काळीज तुझ्या उपयोगी पडणार असेल तर मी देईन. त्यासाठीच आलो आहे. पण आधी मला सांग, तुला होते काय?”

जनावराच्या तोंडची ती वाणी ऐकून लोक मागे सरले. राजाही दचकला, पण आजारी माणसाला ‘तुला होते काय’ असे कोणी विचारले की त्याचे बांध फुटतात. तो सांगू लागला. तोंड कडू आहे, अन्न नको वाटते, डोळे पिवळे आहेत, उजव्या कुशीत दगड आहे, पोटात पाणी आहे. शेवटी तो जरा हळू आवाजात म्हणाला, “आणि मद्याशिवाय सकाळी हात थरथरतात.”

“कसले मद्य?”

“मोहाचे.”

“मोह आम्हीही ओळखतो,” बोधिसत्त्व म्हणाला. “चैत्रात फुले गळतात आणि डबक्यांत साचून आंबतात. आमच्यातली तरुण सांबरे त्यावर तुटून पडतात. पहिल्या दिवशी उड्या मारतात. मग खात सुटतात, पाला नकोसा होतो, डोळ्यांचा रंग पालटतो आणि झाडाखालीच बसून राहतात. वाघाला ती सहज सापडतात. मी त्यांना शिंगांनी ढकलून तिथून उठवतो आणि ओढ्याकाठी नेतो. तिथे एक बुटका कडू पाला असतो, पानांखाली बारीक फळे धरतो. तो मी त्यांना खायला लावतो. मीही खातो. सगळीच बरी होतात असे नाही. ज्यांनी फार उशीर केला ती मरतात. पण पुष्कळ बरी होतात.”

राजा ऐकत होता.

“राजा, माझे काळीज काही आकाशातून पडलेले नाही. ते या पाल्याचेच बनले आहे. तुला तोच पाला माझे पोट फाडून घ्यायचा की जमिनीतून उपटून घ्यायचा, ते तू ठरव. मात्र एक सांगतो. जो मोहाखालून उठला नाही, त्याला तो पाला कधीच लागू पडला नाही.”

राजाने मान वळवली. “वैद्यराज, हे सांबर म्हणते ते खरे आहे का? असा पाला आहे?”

अंगणात फरशीच्या सांध्यांतून जागोजाग गवत वर आले होते आणि त्यात सोमिलाच्या पायाशीच भुईआवळीचे एक रोप होते. त्याला ते दिसत होते. ‘मला माहीत नाही’ असे म्हणता आले असते. ‘सांबराला काय कळते’ असेही म्हणता आले असते. मग खाटीक आला असता, काळीज राजाने खाल्ले असते, राजा काही महिन्यांनी गेला असता आणि सोमिलाचे घर उभे राहिले असते. हे सर्व त्याला एका दमात दिसले. त्याने सांबराकडे पाहिले. सांबराच्या डोळ्यांत राग नव्हता. ते नुसते वाट पाहत होते.

सोमिल खाली वाकला. त्याने ते रोप मुळासकट उपटले आणि राजापुढे धरले.

“आहे, महाराज. याला भुईआवळी म्हणतात. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.”

“मग सांगितले का नाही?”

“हे सांगायचे तर मद्य सोडा असेही सांगावे लागले असते. आणि तुम्ही बरे झाला नसता तर माझे घर पाडले असते. माझे गुरू भारुंडक खरे बोलले, जिवापाड झटले, तरी त्यांना वेशीबाहेर काढलेले मी पाहिले आहे. म्हणून मी असे औषध सांगितले जे कोणाला मिळू नये. काळजाचे शास्त्र कुठे लिहिलेले नाही. ते मी रचले. रोज टोपल्या येत होत्या आणि मी गप्प होतो.”

राजाचा पिवळा चेहरा काळवंडला. तो पालखीत उठून बसला आणि म्हणाला, “याला बांधा. माझ्या जिवाशी खेळला. संध्याकाळच्या आत याचे मस्तक वेशीवर टांगा.”

पहारेकरी पुढे आले. सोमिलाने हात पुढे केले.

तेव्हा बोधिसत्त्व दोन पावले पुढे येऊन सोमिल आणि पहारेकरी यांच्यामध्ये उभा राहिला.

“राजा, याच्या शब्दाने माझा निम्मा कळप गेला. तुझे काहीच गेलेले नाही. याच्यावर रागवायचा पहिला हक्क माझा आहे, हे तुला मान्य आहे ना?”

राजा म्हणाला, “मान्य.”

“मग मी त्याला सोडतो. आणि तूही सोड. त्यात तुझा लाभ आहे. भारुंडकाने खरे बोलून जीव तोडून उपाय केले, त्याला तू हाकलून दिलेस. तेव्हा तुझ्या नगरातले सगळे वैद्य खोटे बोलायला शिकले. आज यातला एक, मरण समोर दिसत असताना खरे बोलला. याला मारलेस तर उद्यापासून तुझ्या उशाशी कोण बसेल? तुला गोड वाटेल तेवढेच सांगणारा. आणि तुझ्या दुखण्याला गोड चालत नाही.”

राजाचा श्वास जड येत होता. भावाच्या मरणानंतर आजवर भारुंडकांचे नाव त्याच्यासमोर काढायला कोणी धजले नव्हते. त्याने डोळे पुसले, पण ते कशासाठी हे कोणाला कळले नाही.

“सोडा त्याला,” तो शेवटी म्हणाला. आणि सोमिलाकडे न पाहता पुढे म्हणाला, “तुमचे ते तण वाटून आणा.”

राजाने बोधिसत्त्वाला ‘वर माग’ म्हटले, तेव्हा त्याने एवढेच मागितले, की त्या रानात कोणी जाळे लावू नये. राजाने तसे फर्मान काढले. बोधिसत्त्व जसा आला तसा बाजारातून परत गेला. कोलक त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेला.

यानंतर राजा लगेच बरा झाला असे नाही. मद्य सुटताना पहिले काही दिवस फार वाईट गेले. त्याला घाम फुटे, हात कापत, भिंतींवर सर्प दिसत. सोमिलाने मद्य एकदम तोडले नव्हते. माप रोज थोडे थोडे उतरवीत नेले होते. तरीही राजा ओरडे, शिव्या देई. राणी उशाशी बसून ओले फडके त्याच्या कपाळावर ठेवी. मापापुरते मद्य वगळून तळघरातले रांजण तिने स्वतः उभे राहून गटारात ओतवले होते. रोज सकाळी सोमिल वाटी घेऊन येई. हिरवट, कडू, वर ताकाचा फेस. राजा नाक मुरडून पिई. दुपारी लाह्या आणि कढण. हळूहळू लघवीचा गडद रंग उतरला, मग पायांवरची सूज उतरली, आणि एके दिवशी राजाने आपणहून विचारले, “आज भात मिळेल का?” तेव्हा राणी दुसऱ्या दालनात जाऊन रडली.

पण खरी परीक्षा पुढे होती. दिवाळीच्या सुमारास एका मांडलिक राजाने जुन्या मद्याचा घट भेट पाठवला. राजाच्या डोळ्यांतला पिवळेपणा तोवर बराच कमी झाला होता. त्याने सोमिलाला बोलावून प्रेमाने जवळ बसवले.

“वैद्यराज, आता मला बरे वाटते. सणाचा दिवस आहे. एक पेला घेतो, आणि वर तुमची भुईआवळी दुप्पट घेतो. औषध तर हाताशी आहेच.”

सोमिलाची जुनी भीती परत आली. ‘थोडे चालेल’ एवढे म्हटले की राजा खूश होणार होता. ती भीती पुढेही कधी पूर्ण गेली नाही. पण त्या दिवशी त्याने तिच्यासकटच उत्तर दिले.

“नाही, महाराज.”

“एक पेला.”

“एक थेंबही नाही. भुईआवळी म्हणजे मद्याचा परवाना नव्हे. तुमचे यकृत खपली धरलेल्या जखमेसारखे आहे. पाला त्या खपलीला सावली देतो, नवे यकृत देत नाही. आज पेला घेतलात तर उद्या मी वाटी घेऊन येईन, पण ती कशाला उपयोगी पडणार नाही. आणि तसे मी राणीसाहेबांनाही सांगेन.”

राजाचे डोळे बारीक झाले. “भारुंडकांचे घर कोणी पाडले, ते विसरलात वाटते.”

“विसरलो नाही, महाराज. ते घर पाडल्याने तुमचा भाऊ परत आला का?”

राजाने उशाशी ठेवलेला पेला उचलून भिंतीवर फेकला. सोमिल जागचा हलला नाही. मग राजा म्हणाला, “भारुंडक आहेत कुठे?”

“नदीपलीकडच्या एका खेड्यात. दृष्टी गेली आहे. लोक रोग सांगतात आणि ते हाताने चाचपून औषध देतात.”

“त्यांना आणा. घर बांधून देतो. ते आले नाहीत तर मी त्यांच्याकडे जाईन.”

भारुंडक आले नाहीत. इथली माणसे आता माझी झाली आहेत, असा निरोप त्यांनी पाठवला. तेव्हा राजा स्वतः तिथे गेला आणि त्यांच्या अंगणात बसून आला. काय बोलणे झाले ते कोणाला कळले नाही.

राजाचे यकृत पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही. जड अन्न त्याला जन्मभर सोसले नाही आणि पावसाळ्यात कुशीत दुखे. पण तो पुढे पुष्कळ वर्षे जगला, आणि शुद्धीत जगला. नगरात कोणाचे डोळे पिवळे दिसले की लोक आपल्याच परसातून भुईआवळी उपटून सोमिलाकडे आणीत. आणि सोमिल ती वाटण्याआधी, रोगी मोठा असो की लहान, काय सोडावे लागेल ते आधी सांगे. ज्याचे बरे होणार नाही त्याला तसेही सांगे, आणि मग त्याच्याजवळ बसून राही.

एकदा तो एकटाच पश्चिमेच्या रानात गेला. ओढ्याकाठी बोधिसत्त्व चरत होता. सोमिलाने दुरूनच हात जोडले.

“तुझ्या कळपातल्यांची क्षमा मागायला आलो आहे. मागायची कोणापाशी ते कळत नाही.”

“कळप तिकडे आहे,” बोधिसत्त्व म्हणाला. “पण माणसाचा वास आला की ती अजून पळतात. जवळ जाऊ नकोस. तेवढे केलेस तरी पुरे.”

सोमिल बराच वेळ तिथे उभा राहिला, जवळ न जाता. एक सांबरी आणि तिचे पाडस ओढ्यापल्याडच्या उतारावर गवत खात होते. मग तो वळून नगराकडे निघाला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली, ती दोन भिक्षूंवरून. वरुण नावाचा एक भिक्षू काविळीने अंथरुणाला खिळला होता आणि सुदंत नावाचा दुसरा, औषधे जाणणारा भिक्षू त्याची शुश्रूषा करीत होता. वरुण पूर्वाश्रमात मद्यपी होता आणि अजूनही चोरून पितो, असा सुदंताला संशय होता. ते बोलून वाईट व्हायला नको म्हणून, ‘हिमालयातली अमुक मुळी मिळती तर बरे झाले असते,’ असे सुदंत सर्वांना सांगत असे. धर्मसभेत त्याची चर्चा चालली असता शास्ता आले आणि म्हणाले, “भिक्षूंनो, न मिळणाऱ्या औषधाआड सुदंत आजच लपतो आहे असे नाही. पूर्वीही तो लपला होता. पण पूर्वी तो बाहेरही आला होता.” आणि त्यांनी वरील वृत्तांत सांगितला.

ऐकून सुदंत सभेतून उठला आणि वरुणाच्या कुटीकडे गेला. तिथे त्याने जे विचारायचे ते विचारले आणि जे सांगायचे ते सांगितले. वरुण आधी रागावला, मग रडला, आणि मग त्याने चटईखाली दडवलेली कुपी काढून त्याच्या हातात दिली.

शास्त्यांनी जन्मांची सांगड अशी घातली. तेव्हाचा राजा कीर्तिसेन म्हणजे आजचा भिक्षू वरुण. राणी कुमुद्वती म्हणजे विहारात रोज पेज आणून देणारी उपासिका सुलसा. व्याध कोलक म्हणजे वेशीवरचा द्वारपाल मेघक. अंध भारुंडक म्हणजे स्थविर धम्मपाल. वैद्य सोमिल म्हणजे हा सुदंत. आणि सांबरांचा नायक तो मीच होतो.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने परिपूर्ण केली ती क्षांती, म्हणजे क्षमाशीलता: ज्याने आपले कुळ मारवले, त्याच्यासाठी मध्ये उभे राहण्याची.